स्टेटमेंट संगणकात आले, मेळ कोण घालणार?



मे महिना संपत आला की आपल्यापैकी अनेकांच्या बचत खात्यातून दोन लहान रकमा वजा होतात. एक २० रुपयांची, दुसरी ४३६ रुपयांची. पहिली पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची, दुसरी जीवन ज्योती विमा योजनेची. जून २०२२ पूर्वी हेच हप्ते १२ आणि ३३० रुपये होते. आता रत्नागिरीजवळच्या हातखंब्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. बागेचे पीककर्ज जिल्हा बँकेत, पगाराचे खाते राष्ट्रीयीकृत बँकेत, अनुदानासाठी उघडलेले खाते ग्रामीण बँकेत. प्रत्येक ठिकाणी खाते उघडताना पुढ्यात आलेल्या विम्याच्या फॉर्मवर सही झालेली असते. मग हप्ता दोन-दोन खात्यांतून जातो. विम्याचे संरक्षण मात्र माणशी एकदाच मिळते. दुसऱ्या खात्यातून गेलेला हप्ता वाया जातो, आणि वर्षानुवर्षे जात राहतो, कारण दोन्ही पासबुके एकाच वेळी, एकाच टेबलावर, कोणी उघडत नाही.

आज मी बोलणार आहे ते या टेबलाबद्दल. बँकेचे स्टेटमेंट संगणकातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेणे, ज्याला इम्पोर्ट करणे म्हणतात, ते घरच्या घरी कसे करावे आणि त्यात कुठे कुठे फसगत होते, हे सांगतो.

आधी आपल्या गावाकडचा व्यवहार कसा असतो तो लक्षात घेऊ. हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूर, नागपूरकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. त्यामुळे इथे नुसती शेती नाही. हॉटेल आहे, टपरी आहे, पंक्चरचे दुकान आहे, मे महिन्यात आंबा आणि कोकम विकणारा स्टॉल आहे. मुंबईचा मुलगा दरमहा पैसे पाठवतो. रस्त्याच्या रुंदीकरणात जमीन गेली असेल तर मोबदल्याची मोठी रक्कम एकदम आलेली असते. पीएम किसानचे २,००० रुपये वर्षातून तीनदा येतात. घरातल्या बाईच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे पैसे येतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, आणि आता चहाचे वीस रुपयेही बँकेतूनच जातात. पूर्वी पासबुकाचे एक पान दोन महिने पुरायचे. आता आठवड्यात भरते. एवढ्या नोंदी हाताने लिहिणे कोणालाच जमणारे नाही. म्हणून इम्पोर्ट.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या खात्यात महिन्याला वीस-तीसच व्यवहार होत असतील, तर इम्पोर्टच्या भानगडीत पडू नका. पासबुक समोर घ्या आणि हाताने नोंदी करा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि प्रत्येक नोंद तुमच्या नजरेखालून जाते. इम्पोर्ट हे ज्याच्याकडे व्यवहारांची गर्दी आहे त्याच्यासाठी.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? धंद्यासाठी टॅली सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या हिशेबासाठी मी ग्नूकॅश सुचवतो. १९९८ पासून ते उपलब्ध आहे, पूर्ण मोफत आहे, त्याचा मराठी अनुवादही झालेला आहे. आणि मुख्य म्हणजे ते तुमच्या स्वतःच्या संगणकात चालते. तुमचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर जाऊन बसत नाही. ते द्विनोंदी पद्धतीने चालते. म्हणजे पैसा एका खात्यातून निघाला की तो कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात गेलाच पाहिजे. एटीएममधून २,००० काढले तर तो खर्च नाही. पैसा बँकेतून निघून ‘रोख’ या खात्यात आला, एवढेच. खर्च होईल तेव्हा तो रोखीतून होईल. हा फरक ज्याला पटला त्याला पुढचे सगळे सोपे जाते.

आता स्टेटमेंट मिळवायचे कसे? नेट बँकिंगमध्ये स्टेटमेंट उतरवून घेताना बँक विचारते, पीडीएफ हवे की एक्सेल की सीएसव्ही? आपण सवयीने पीडीएफ घेतो, कारण ते छापायला बरे. हिशेबाला ते निरुपयोगी. एक्सेल किंवा सीएसव्ही घ्या. सीएसव्ही म्हणजे साधी मजकुराची फाईल. एका ओळीत एक व्यवहार, आणि तारीख, तपशील, रक्कम यांच्यामध्ये स्वल्पविराम. सहकारी बँकेत नेट बँकिंगची सोय नसेल तर शाखेत अर्ज द्या आणि स्टेटमेंट एक्सेलमध्ये, नोंदवलेल्या ईमेलवर पाठवायला सांगा. पासबुकावर विसंबून राहण्यात एक अडचण आहे. बरेच महिने पासबुक भरून घेतले नाही, तर काही ठिकाणी मधल्या सगळ्या नोंदींची एकच गोळाबेरीज छापली जाते. त्या एका ओळीत काय काय दडले आहे ते नंतर उलगडत नाही. व्यवहाराचा पुरेसा तपशील छापावा असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितलेले आहे. तो तपशील मागणे हा तुमचा हक्क आहे.

आणि इथेच एक धोक्याची सूचना. पीडीएफचे एक्सेल करून देणाऱ्या फुकट वेबसाइट खूप आहेत. कृपा करून तिथे आपले स्टेटमेंट चढवू नका. त्या कागदावर तुमचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, शिल्लक, पगार कोण देतो, औषध कुठून घेता, सगळे असते. शिवाय त्या पीडीएफचा पासवर्ड बहुधा नावाची काही अक्षरे आणि जन्मतारीख किंवा मोबाइलचे आकडे जुळवून केलेला असतो. तोही तुम्ही त्या वेबसाइटच्या अनोळखी मालकाच्या हाती देता. एसएमएस वाचून आपोआप हिशेब ठेवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दलही माझे मत हेच आहे. तुमचे ओटीपी त्याच इनबॉक्समध्ये येतात, एवढे ध्यानात ठेवा. बँकेची माहिती दुसरीकडे द्यायचा रीतसर मार्ग आता आहे. त्याला अकाउंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. तो रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतो आणि २ सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. त्यात कोणती माहिती, कोणाला, किती काळासाठी, हे तुमच्या संमतीने ठरते, आणि ती संमती मागेही घेता येते.

तर, सीएसव्ही फाईल मिळाली. ती ग्नूकॅशमध्ये घेण्याआधी उघडून पाहायची असते, आणि इथे पहिली मेख आहे. आपण ती एक्सेलमध्ये उघडतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो. बँकेशी कधी वाद झाला तर हाच क्रमांक तुमचा पुरावा. एक्सेलला बारा अंकी आकडा दिसला की ते त्याला मोठी संख्या समजते आणि आखडून लिहिते. ४ पूर्णांक काहीतरी, मग इंग्रजी ई, मग अधिक ११. तुम्ही फाईल तशीच सेव्ह केली की मूळ क्रमांक कायमचा गेला. म्हणून नियम असा, की बँकेतून आलेली मूळ फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची आणि काम प्रतीवर करायचे. लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर सीएसव्ही उघडतानाच विचारते, की कोणता रकाना आकडा आणि कोणता नुसता मजकूर? तिथे क्रमांकाच्या रकान्याला मजकूर म्हणून सांगा. काम झाले.

दुसरी मेख तारखेची. आपण ५ एप्रिल लिहितो ०५/०४. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर तो ते ४ मे वाचतो. गंमत अशी की महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी तो बिनतक्रार चुकीच्या महिन्यात टाकतो, कारण बारावा महिना असतो. तेरा तारखेपासून मात्र त्याला अर्थ लागत नाही आणि तो अडतो. म्हणून निम्म्या नोंदी आल्या आणि निम्म्या अडल्या, असे दिसले की पहिला संशय तारखेवर घ्या. ग्नूकॅशमध्ये इम्पोर्ट करताना तारखेचा क्रम निवडता येतो. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, असा निवडा.

तिसरी गोष्ट, फाईलच्या माथ्यावर खातेदाराचे नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी अशा दहा-पंधरा ओळी असतात. त्या व्यवहार नव्हेत. किती ओळी सोडायच्या ते सॉफ्टवेअरला सांगावे लागते. रकमेतले स्वल्पविराम, म्हणजे १,२५,००० मधले, ते प्रतीत काढून टाकलेले बरे, कारण सीएसव्हीत स्वल्पविराम हीच रकान्यांची सीमा असते. हे सगळे एकदा नीट बसले की ती मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. पुढच्या महिन्यापासून एका क्लिकचे काम. मात्र बँकेने नमुना बदलला की मांडणी नव्याने बसवावी लागते. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आपल्या जिल्ह्यात विदर्भ कोकण बँकेचे खातेदार पुष्कळ होते. अशा विलीनीकरणाच्या वेळी जुनी स्टेटमेंट वेळेत उतरवून ठेवणे शहाणपणाचे असते.

आता जमा आणि नावे. बँकेच्या स्टेटमेंटवर तुम्ही भरलेल्या पैशापुढे सीआर असते, काढलेल्यापुढे डीआर. हे बँकेच्या वहीतून पाहिलेले आहे. तुमचे पैसे म्हणजे बँकेने तुम्हाला देणे आहे. तुमच्या वहीत तीच रक्कम तुमची मालमत्ता आहे, म्हणून तिथे बाजू उलटी. सॉफ्टवेअरला एवढेच नीट सांगायचे, की हा रकाना भरल्याचा आणि हा काढल्याचा. पीककर्जाच्या खात्यात अधिक काळजी घ्या. तिथे दिसणारी शिल्लक ही तुमची शिल्लक नसते, ते तुमचे देणे असते. ते खाते सॉफ्टवेअरमध्ये कर्ज म्हणूनच उघडले पाहिजे. बचत खात्यासारखे उघडले तर कागदावर तुम्ही श्रीमंत दिसाल आणि हिशेब साफ चुकेल.

इथवरचे सगळे यंत्राचे काम झाले. लोक इथेच थांबतात. फाईल आत गेली, पडद्यावर ओळी दिसल्या, झाला हिशेब, असे समजतात. श्रोतेहो, हिशेब अजून सुरूही झालेला नाही. बँकेला फक्त एवढेच माहीत असते की अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक नावाकडे गेली. ती कशासाठी गेली हे तुमच्या घराबाहेर कोणालाही माहीत नसते.

आंब्याचेच उदाहरण घेतो. जूनमध्ये वाशीच्या दलालाकडून तुमच्या खात्यात २९,४०० रुपये आले. स्टेटमेंटमध्ये एक ओळ, २९,४०० जमा. तुम्ही ती ‘आंबा विक्री’ या खात्याला लावून मोकळे झालात, तर तुमचा हिशेब खोटा झाला. दलालाने पाठवलेली हिशेबाची पट्टी हाताशी घ्या. पट्टीवर विक्री आहे ४८,००० रुपयांची. त्यातून ट्रकचे भाडे आणि हमाली ३,६०० कापलेली आहे. आणि डिसेंबरमध्ये फवारणीसाठी घेतलेली १५,००० रुपयांची उचल वळती केलेली आहे. ४८ हजारांतून हे दोन्ही गेले, राहिले २९,४००. म्हणजे तुमचे उत्पन्न ४८,००० आहे, वाहतुकीचा खर्च ३,६०० आहे, आणि १५,००० हे देणे फिटले आहे. ग्नूकॅशमध्ये अशी एक ओळ तीन-चार ठिकाणी विभागता येते. विभागणी केली नाही, तर डिसेंबरमध्ये आलेली उचलही उत्पन्न म्हणून लागते किंवा कर्ज म्हणून कायम उभी राहते. मग यंदा बागेत नफा झाला की तोटा, याचे उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही म्हणून त्याची नोंद कशाला, असे काही बागायतदार म्हणतात. ते मला पटत नाही. विवरणपत्र भरताना शेतीचे उत्पन्न दाखवावेच लागते. आणि कर राहू द्या बाजूला, पुढच्या वर्षी किती उचल घ्यायची आणि घ्यायची का, हे ठरवायला हाच आकडा लागतो.

हॉटेलवाल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. दुकानाच्या क्यूआरवर दिवसभर जमा झालेले पैसे काही ठिकाणी एकत्र होऊन एकाच रकमेने खात्यात येतात. त्या एका रकमेचा मेळ त्या दिवशीच्या गल्ल्याशी घालावा. आणि घरखर्च व दुकान एकाच खात्यातून चालवत असाल, तर हे भाषण संपल्यावर सगळ्यात आधी दुसरे खाते उघडायचे ठरवा. कोणतेही सॉफ्टवेअर ती सरमिसळ सोडवून देणार नाही.

दुहेरी नोंद हा इम्पोर्टमधला नेहमीचा घोटाळा आहे. तुम्ही पगाराच्या खात्यातून कर्जखात्यात ५,००० भरले. पगाराच्या स्टेटमेंटमध्ये ते गेलेले दिसतात, कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये आलेले दिसतात. दोन्ही फायली इम्पोर्ट केल्या की एकच व्यवहार दोनदा लागतो. ग्नूकॅश तारीख आणि रक्कम पाहून असे जोड ओळखायचा प्रयत्न करते आणि तुम्हाला विचारते, ही नोंद आधीच्या नोंदीशी जुळते का? त्या प्रश्नाला घाईने हो म्हणू नका. एकाच दिवशी दोनदा शंभर-शंभरचे पेट्रोल भरलेले असू शकते. तिथे तो बारा अंकी क्रमांक उपयोगी पडतो. हे सॉफ्टवेअर तुमच्या निवडीवरून शिकतही जाते. चार वेळा तुम्ही एका दुकानाचे नाव ‘किराणा’ला लावले की पाचव्यांदा ते स्वतःच किराणा सुचवते. सुचवलेले बरोबर आहे की नाही हे पाहायचे काम तुमचे.

आता मेळ. स्टेटमेंटच्या सुरुवातीची शिल्लक घ्या, जमा मिळवा, खर्च वजा करा. समजा सुरुवातीला १८,२४०.५० होते, ३१,५०० आले, २७,९१६ गेले. शिल्लक २१,८२४.५० यायला हवी. सॉफ्टवेअरमधली शिल्लकही तेवढीच दिसली पाहिजे. पैशापैशाने. दोन-पाच रुपयांचाच फरक आहे, सोडून देऊ, असे करू नका. लहान फरकाखाली दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. फरक आला तर तो जेवढा आहे तेवढ्या रकमेची नोंद शोधा. ती राहून गेलेली असेल किंवा दोनदा लागलेली असेल. ती सापडली नाही तर फरकाचे निम्मे करा. फरक २,२८० आहे? मग १,१४० ची नोंद शोधा. महावितरणचे बिल असेल, जे काढल्याऐवजी भरल्याच्या बाजूला लागले आहे. चूक बाजूला लागलेली रक्कम दुप्पट फरक पाडते. ही जुनी कारकुनी युक्ती आहे आणि संगणकाच्या काळातही ती तशीच लागू पडते.

हे दर महिन्याला करा. जमल्यास दर आठवड्याला. वर्षअखेरीस, मार्चमध्ये, एकदम करायला बसलात तर ती चहाच्या टपरीवरची यूपीआयची ओळ कशाची होती हे कोणालाच आठवणार नाही. आणि त्याहून मोठे कारण आहे. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. त्यात असे म्हटले आहे, की ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले, आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर ग्राहकाला काहीही तोशीस नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत मर्यादित जबाबदारी. त्यानंतर बँकेचे धोरण असेल तसे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असाच आदेश गेला. स्वतः ओटीपी किंवा पिन सांगून बसलात तर मात्र हे संरक्षण नाही. तक्रार करेपर्यंतचे नुकसान तुमचेच. एसएमएस हुकला, फोन बंद होता, तर अनोळखी नोंद तुम्हाला दिसणार कुठे? मेळ घालतानाच.

तरुण श्रोत्यांना एक सांगायचे आहे. घरातले संगणकाचे काम तुमच्याकडे येते. आई-वडिलांचे स्टेटमेंट तुम्ही इम्पोर्ट करून द्या, पण नोंदींना खाती लावताना त्यांना शेजारी बसवा. पट्टी कोणाची, उचल कधीची, मजुरी कोणत्या आठवड्याची, हे त्यांनाच माहीत आहे. आणि त्यांचा पासवर्ड विचारू नका. त्यांनी स्वतःच्या हाताने स्टेटमेंट उतरवावे, तुम्ही ते कसे करायचे ते शिकवा. हिशेबाची फाईल आणि मूळ स्टेटमेंट महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि संगणक, दोन्हींचा भरवसा नसतो.

सुरुवात एका खात्यापासून करा, गेल्या एकाच महिन्याची. आणि पहिल्याच मेळात, तुमच्यापैकी कोणी केलेली नाही अशी एखादी नोंद दिसली, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी बँकेच्या क्रमांकावर तक्रार द्या, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि सायबर फसवणुकीची मदतवाहिनी १९३० ला फोन करा.